अथेन्सच्या कुंभारवाड्यात

ॲक्रोपोलिसचे फोटो सगळेच काढतात. तिथून खाली उतरून थोडं चाललात, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका काळ्या रंगाची गोष्ट भेटते. फक्त तो रंग नाहीये!

अथेन्समध्ये एर्मू नावाचा एक रस्ता आहे. पुण्याचा लक्ष्मी रोड आणि वांद्र्याचा लिंकिंग रोड एकत्र करून त्यावर थोडं युरोपियन पॉलिश मारलं तर जे होईल, ते. पार्लमेंटसमोरच्या सिंताग्मा चौकातून तो निघतो. सुरुवातीला ब्रँडेड शोरूम्स, मग मोनास्तिराकीचा जुना बाजार, सुव्हनिअरची दुकानं, रस्त्यावर मांडलेल्या टेबलांशी फ्रेडो एस्प्रेसो पीत बसलेली मंडळी. त्यानंतर गर्दी ओसरत जाते आणि शॉपिंग बॅगांनी हात भरलेले बहुतेक टूरिस्ट तिथूनच मागे फिरतात.

तुम्ही फिरू नका. आणखी थोडं चाला. उजव्या हाताला कुंपणाच्या आत, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, एक हिरवा खोलगट तुकडा दिसेल. पांढरे दगड, जुनी थडगी, गवत आणि मधून एक बारीकसा ओहोळ. याचं नाव केरामिकोस.

शब्द ओळखीचा वाटला ना? वाटणारच. बाथरूमच्या टाइल्स निवडताना आपण जो ‘सिरॅमिक’ शब्द वापरतो, तो याच घराण्यातला. ग्रीकमध्ये ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती आणि तिची भांडीही. केरामिकोस म्हणजे कुंभारांची वस्ती. सरळ मराठीत सांगायचं तर कुंभारवाडा! धारावीत जो आहे, तोच. फक्त इथली चाकं फार पूर्वी थांबली आणि भांडी जगभरच्या म्युझियम्समध्ये जाऊन बसली.

ही भांडी तुम्ही नक्की पाहिली आहेत. प्रत्यक्ष नसली तरी शाळेच्या पुस्तकात, फ्रिज मॅग्नेटवर, एखाद्या ग्रीक रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डावर. नारिंगी-लाल अंगावर काळे कुळकुळीत योद्धे, घोडे, देव. किंवा उलटं: सगळं भांडं काळं आणि आकृत्या लाल. पहिली पद्धत जुनी. दुसरी इ. स. पूर्व ५२५ च्या आसपास याच अथेन्समध्ये सुरू झाली आणि बघता बघता मार्केट तिने खाल्लं. दोन्हींत हुकमी एक्का एकच, तो आरशासारखा चकाकणारा काळा. तो नेमका कसा आणला, हे पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

कासवं, थडगी आणि खापरं

आत शिरल्यावर पहिला धक्का शांततेचा. दुसरा कासवांचा. थडग्यांच्या मधल्या गवतातून ती आरामात फिरत असतात. डेडलाइन नावाची गोष्ट त्यांना माहीत नाही. ओहोळ आहे त्याचं नाव एरिदानोस. कागदोपत्री ही नदी. मुंबईकरांनी मिठी आठवावी आणि तिला आणखी बारीक करावं.

कुंभारांनी हीच जागा का धरली असावी हे इथे उभं राहिलं की कळतं. पाणी हाताशी. धूर निघतो म्हणून गावाच्या कडेला. आणि तरीही बाहेरगावी जाणारे मोठे रस्ते दारावरून जाणारे. पर्शियन स्वारीनंतर, इ. स. पूर्व ४७८ मध्ये, अथेन्सने घाईघाईत तटबंदी बांधायला घेतली तेव्हा तट या वस्तीतूनच गेला. अर्धा कुंभारवाडा आत, अर्धा बाहेर. बाहेरच्या बाजूला आधीपासून दफनभूमी होती, म्हणून आज इथे चाकांपेक्षा थडगीच जास्त दिसतात. उत्खनन १८७० पासून चालू आहे आणि १९१३ पासून ते जर्मन पुरातत्त्व संस्थेकडे आहे. काही कामं सरकारी फायलींपेक्षाही सावकाश चालतात, आणि या बाबतीत ते बरंच आहे.

जागेवर एक छोटं म्युझियम आहे. त्यात खापरांकडे नीट बघा. १९६० च्या दशकात एरिदानोसच्या जुन्या पात्रात एका फटक्यात साधारण साडेआठ हजार खापरं सापडली. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. ही मतपत्रिका होती. एखादा पुढारी डोईजड झाला असं वाटलं की अथेन्सचे नागरिक फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून मत द्यायचे. सहा हजार मतांचा आकडा गाठला गेला की एकाला दहा वर्षं शहराबाहेर. या ढिगात सर्वांत जास्त खापरं मेगाक्लीस नावाच्या बड्या घरच्या माणसाच्या नावाची आहेत, आणि काहींवर नावापुढे त्याच्या पैशाच्या हव्यासापासून बाईलवेडेपणापर्यंत सगळं काढलेलं आहे. एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडणं आपल्याला नवीन नाही. अथेन्सवाल्यांनी त्याची रीतसर निवडणूक केली होती!

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची बाब वेगळी. काळ्या तुकड्यावर टोकदार वस्तूने ओरखडलं की नाव लाल उमटतं. म्हणजे काळेपणा फक्त वरच्या सालीपुरता. किती पातळ? साधारण दहा ते वीस मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

तपकिरीवर तपकिरी

आता मूळ मुद्दा. हा काळा म्हणजे काजळ नाही, कोळसा नाही, डांबर नाही. ती मातीच आहे. भांड्याची लाल मातीही लोहाने रंगलेली आणि वरचा काळा थरही लोहानेच.

अथेन्सच्या आसपासची माती लोहाने भरलेली, म्हणून भाजली की छान तांबूस होते. उत्तरेकडचं मारूसी हे उपनगर (२००४ च्या ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम तिथेच) कुंभारकामासाठी अगदी अलीकडेपर्यंत नावाजलेलं होतं. भांडं चाकावर घडवायचं, मोठं असेल तर भागाभागांत घडवून जोडायचं, अर्धवट सुकलं की घासून गुळगुळीत करायचं. लाली वाढवायला गेरूसारख्या मातीचा पातळ हात द्यायचा. आपण तुळशीवृंदावनाला देतो तसाच.

काळ्यासाठी वेगळा खटाटोप. निवडक चिकणमाती भरपूर पाण्यात कालवून ठेवायची. जड कण तळाशी बसतात, वरचं गढूळ पाणी काढून घ्यायचं. ते पुन्हा बसू द्यायचं, पुन्हा वरचं काढायचं. शेवटी राहतो तो सायीसारखा गाळ, ज्यातले कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. याच गाळाने चित्र काढायचं.

आणि इथे खरी गंमत आहे. हा गाळ लावताना काळा नसतो! तो तपकिरी असतो, आणि खालचं भांडंही तपकिरीच. वीरांच्या पापण्या, घोड्यांच्या आयाळी, चिलखतावरची वेलबुट्टी हे सगळं त्या चित्रकारांनी तपकिरीवर तपकिरी काढलं. मॉनिटर जवळजवळ बंद करून फोटोशॉपवर डिझाइन करा असं तुम्हाला बॉसने सांगितलं तर कसं वाटेल? चित्र काळं होणार की नाही, कुठे होणार, किती चकाकणार, ते पुढे भट्टी ठरवणार.

भट्टीचा श्वास

ग्रीक भट्टी म्हणजे घुमटाकार खोली. खाली जाळ, मध्ये भोकांची जमीन, वर रचलेली भांडी, डोक्यावर धूर जायला वाट. आपल्याकडच्या उघड्या आव्यापेक्षा हिचा फायदा एकच, पण मोठा: हवा आत किती घ्यायची हे ठरवता येतं. सगळी जादू त्या हवेत आहे.

सुरुवातीला झरोके उघडे. कोरडं लाकूड, भरपूर हवा, उष्णता हळूहळू आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास. या वेळी भट्टीत डोकावलात तर सगळं लाल दिसेल. भांडंही आणि चित्रही. लोहाने पोटभर ऑक्सिजन घेतलेला असतो. गंज लाल असतो, त्याच कुळातला हा लाल.

मग झरोके बंद. आत ओलं लाकूड किंवा हिरवा पाला. हवा नाही, नुसता कोंडलेला धूर, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड. उष्णता नऊशेच्या पुढे जाते. हा वायू ऑक्सिजनसाठी इतका हपापलेला असतो की तो मातीतल्या लोहाकडून ओरबाडून घेतो. लाल लोह काळं होतं आणि सगळं भांडं काळं पडतं, आतून बाहेरून. पण याच वेळी त्या अतिबारीक गाळाचं आणखी एक काहीतरी होतं. त्यातले पोटॅशियमसारखे घटक त्याला वितळायला मदत करतात, कण एकमेकांत मिसळतात आणि काचेसारखी घट्ट साल तयार होते. खालची जाडसर माती मात्र सच्छिद्रच राहते.

शेवटचा टप्पा: झरोके पुन्हा उघडे. ताजी हवा आत येते. सच्छिद्र माती तो ऑक्सिजन शोषते आणि पुन्हा लाल होते. चित्राच्या काचेतून मात्र हवा आत शिरूच शकत नाही. तिथलं लोह अडकतं. काळंच राहतं. कायमचं!

म्हणजे काळं आणि लाल हा दोन रंगांतला फरक नाही. कुणाला हवा मिळाली आणि कुणाला नाही, एवढाच आहे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या सुव्हनिअरच्या दुकानातल्या भांड्यांबद्दल एकदम आदर वाटायला लागला. (तो लगेच ओसरलाही. त्यातली बरीचशी ब्रशने रंगवलेली असतात.)

इथे एक खुलासा केलेला बरा. जगात काळी भांडी पुष्कळ झाली आणि सगळ्यांचा काळा एक नाही. आपल्या विदर्भात, नागपूरच्या आसपासच्या महापाषाणयुगीन दफनांमध्ये काळी-लाल भांडी मिळतात: आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. तो बहुतांशी धुराचा, म्हणजे मातीत मुरलेल्या कार्बनचा काळा. असं खापर मोकळ्या हवेत पुन्हा कडक तापवलं की कार्बन जळून काळेपणा उडून जातो. अथेन्सच्या चांगल्या भांड्याला तेवढ्याने काही होत नाही. ही त्याची परीक्षाही आहे.

आता विचार करा, थर्मामीटर नाही. जाळाच्या रंगावरून अंदाज घ्यायचा, आणि भट्टीत ठेवलेले नमुन्याचे तुकडे आकड्याने बाहेर ओढून बघायचे. आकडा अडकवायला भोक पाडलेले असे तुकडे अथेन्समध्ये मिळाले आहेत. झरोके लवकर उघडले तर काच झालेलीच नसते, चित्र लाल होऊन गायब. फार तापवलं तर काचेतूनही लाली डोकावते. आणि हे सगळं एका भांड्याचं नाही; कित्येक दिवसांचं काम एका रात्रीत आत असतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी रिलीज नाइट आठवावी, फक्त इथे रोलबॅक नाही.

म्हणून भीतीही होती. होमरच्या नावावर खपवलेली कुंभारांच्या भट्टीची एक छोटी कविता आहे. तिच्यात भट्टीत शिरणाऱ्या भुतांची नावं घेतली आहेत: एक भांडी फोडणारा, एक आदळून चुरा करणारा, एक ती कच्चीच ठेवणारा, असे सगळे. म्युनिकच्या म्युझियममध्ये एका पाण्याच्या घड्यावर कुंभाराच्या कारखान्याचं चित्र आहे. त्यात भट्टीच्या समोर चक्क एक दाढीवाला राक्षसी मुखवटा लावलेला दिसतो. दृष्ट लागू नये म्हणून! आपल्या टॅक्सीवाल्यांची लिंबू-मिरची या घराण्यात अगदी फिट बसते.

वेजवूडपासून अंगठ्यापर्यंत

रोमन काळात ही पद्धत मागे पडली, लाल भांड्यांची फॅशन आली आणि हात विसरले. अठराव्या शतकात इटलीतल्या थडग्यांतून ही भांडी ढिगांनी निघू लागली तेव्हा लोकांनी ती तिथल्याच एट्रुस्कन लोकांची समजली. अथेन्सचा हा माल एक्स्पोर्टचा होता हे नंतर नीट कळलं. इंग्लंडच्या जोसाया वेजवूडला तर त्यांचं इतकं वेड लागलं की १७६९ मध्ये उघडलेल्या नव्या फॅक्टरीचं नावच त्याने ‘इट्रुरिया’ ठेवलं. त्याने काय केलं? भांडंच काळ्या मातीचं केलं आणि वर लाल रंगाने आकृत्या काढल्या. दिसायला झकास, धंदा उत्तम. पण अथेन्सच्या बरोबर उलट. तिथे लाल आकृती रंगवलेलीच नसते, ती सोडलेली जागा असते.

उत्तर पटेल अशा रीतीने मांडलं ते थिओडोर शुमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १९४२ मध्ये. रंगात रहस्य नाही, बारीक कण आणि भट्टीतली हवा यांत आहे हे त्याने दाखवून दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या जोसेफ व्हीच नोबल यांनी ग्रीक पद्धतीने स्वतः भांडी भाजून पाहिली आणि १९६० च्या दशकात त्यावर पुस्तक लिहिलं.

नोबल यांच्या या उद्योगातून एक जबरदस्त भानगड बाहेर आली. त्यांच्याच म्युझियममध्ये १९३३ पासून मातीचे तीन भव्य एट्रुस्कन योद्धे दिमाखात उभे होते. काहींना आधीपासून शंका होती. नोबल यांनी काळ्या लेपाची तपासणी करवून घेतली तेव्हा त्यात मँगनीज सापडलं. प्राचीन कारागिराचा काळा लोहाचा आणि हवेचा. मँगनीज घातलं की भट्टीच्या त्या सगळ्या नाट्याची गरजच उरत नाही. शॉर्टकट! १९६१ मध्ये आल्फ्रेडो फिओरावांती नावाच्या इटालियन कारागिराने रोममधल्या अमेरिकन वकिलातीत कबुली दिली. पुतळे बनवणाऱ्यांपैकी तो एक होता. पुरावा म्हणून त्याने एका योद्ध्याचा तुटका अंगठा जपून ठेवला होता. तो पुतळ्याच्या हाताला बरोबर बसला.

लोह काय बोलतं

हे झालं जुनं शास्त्र. गेल्या पंधरा वर्षांत गोष्ट आणखी पुढे गेली आहे आणि माझ्या मते ती जास्त रंगतदार आहे.

लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेतले संवर्धक आणि स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवरचे शास्त्रज्ञ एकत्र आले. सिंक्रोट्रॉन म्हणजे प्रकाशाच्या जवळपास वेगाने इलेक्ट्रॉन गोल गोल पळवणारं यंत्र. त्यांतून निघणारे एक्स-रे अतिशय प्रखर असतात. (आपल्याकडे इंदूरला इंडस-२ हे असंच यंत्र आहे.) या एक्स-रेंनी खापराच्या कडेवर लोहाचा एकेक ठिपका तपासता येतो: याच्याकडे ऑक्सिजन किती आहे? काळ्या थराच्या वरच्या भागात, मध्यात, तळाशी लोह कुठल्या अवस्थेत अडकलं आहे? भट्टीत शेवटच्या तासांत काय झालं, याची नोंद त्या वीस मायक्रॉनमध्ये असते. विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखी. मग प्रयोगशाळेत तशाच गाळाचे नमुने वेगवेगळ्या पद्धतीने भाजून ताडून बघायचं.

त्यांनी निवडलेल्या खापरांत ‘बर्लिन पेंटर’ची खापरं होती. या चित्रकाराचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. ऑक्सफर्डच्या जॉन बीझली यांनी कान, घोटा, कपड्याची चुणी कशी काढली आहे यावरून एक हात ओळखला आणि बर्लिनमधल्या एका भांड्यावरून १९११ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच्या खापरांवरचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला: एकाच भट्टीत तीन टप्पे, हे पुस्तकातलं सुबक उत्तर इथे जुळत नाही. भांडं एकापेक्षा जास्त वेळा आगीत गेलेलं दिसतं. जस्ताचाही एक धागा मिळाला. उत्तम प्रतीच्या काळ्या थरात जस्ताचं प्रमाण वेगळं निघतं, म्हणजे भांड्याचीच माती धुऊन काळा गाळ केला, हेही सरसकट खरं नाही. काळ्यासाठी वेगळी माती किंवा वेगळी प्रक्रिया असणार. अथेन्समध्येच काम करणाऱ्या एलेनी अलूपी-सिओटिस तर आत्तिकाच्या निरनिराळ्या भागांतली माती गोळा करून, भाजून, हा मूळ काळा शोधत आल्या आहेत. प्रयोगशाळाही आणि कारखानाही, असं त्यांचं काम आहे.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. काही भांड्यांवर सह्या आहेत. ‘अमुकने घडवलं’, ‘तमुकने रंगवलं’. युथिमिडीस नावाच्या चित्रकाराने तर एका भांड्यावर लिहून ठेवलंय की असं काम युफ्रोनिओसला कधीच जमलं नाही! प्रोफेशनल जेलसी अडीच हजार वर्षं टिकली ती अशी. पण ‘अमुकने भाजलं’ असं कुणी लिहिलेलं नाही. रात्रभर झरोक्यापाशी डोळे चोळत बसलेला माणूस तोच कुंभार होता, की मदतनीस, की गुलाम, याची कुठे नोंद नाही. आणि चित्र काळं झालं की नाही, हे शेवटी त्याच्या हातात होतं. त्याच्या निर्णयाची एकमेव नोंद म्हणजे ती काळी साल, आणि ती वाचायला इतकी मोठी यंत्रं लागली.

यंत्राला सगळंच वाचता येत नाही, हेही खरं. युफ्रोनिओसचंच एक मोठं भांडं घ्या. ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉनला निद्रा आणि मृत्यू उचलून नेताहेत, असं चित्र. मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये ते दहा लाख डॉलर्सना घेतलं. ते इटलीतल्या चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून चोरून खणलेलं होतं. बरीच वर्षं वाद झाला आणि २००८ मध्ये ते इटलीला परत गेलं. भट्टीत त्याचं काय झालं हे लोह आजही सांगेल. पण ते थडगं कुणाचं, शेजारी काय ठेवलं होतं, ते चोरांच्या फावड्याखाली गेलं.

जाणार असाल तर...

मेट्रोच्या लाइन ३ वर केरामिकोस नावाचंच स्टेशन आहे. थिसिओ स्टेशनवरूनही चालत येता येतं. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात तर नक्कीच. सावली फारशी नाही. दोन तास पुरतात. मग दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय गाठा. केरामिकोसमध्ये कबरीवर उभा असलेला, माणसाच्या उंचीचा डिपिलोनचा प्रचंड घडा तिथे आहे. इ. स. पूर्व आठव्या शतकातला.

काचेच्या कपाटांपाशी एक खेळ खेळा. भांड्याच्या दर्शनी बाजूचं चित्र सगळेच बघतात. तुम्ही बाजूने, मागून, तळाकडून बघा. चकाकत्या काळ्यावर कुठेतरी विटकरी डाग दिसेल, एखाद्या कपाच्या पोटावर गोल फिकट वलय. तिथे दुसरं भांडं टेकलेलं असतं, किंवा जाळ नीट पोहोचलेला नसतो. क्युरेटर्स असे नग लपवत नाहीत, आणि मला तरी तेच जास्त आवडले.

संध्याकाळी पुन्हा केरामिकोसकडे या, कारण पलीकडेच गाझी आहे. एकोणिसाव्या शतकातला गॅसचा कारखाना, त्याच्या चिमण्या आणि टाक्या तशाच ठेवून केलेलं ‘टेक्नोपोलिस’ हे सांस्कृतिक केंद्र, आणि भोवती अथेन्सची नाइटलाइफ. कुंभारांच्या भट्ट्या गेल्या, गॅसच्या आल्या, त्याही गेल्या. आता तिथे डीजे आहेत.

शॉपिंगचं म्हणाल तर भांडं विकत घेताना एकच प्रश्न विचारा: काळा रंगवलाय की भाजलाय? भाजलेलं महाग पडेल, पण तेच घ्या. जागेअभावी छोटा कप चालेल. आणि साइटवर चालताना पायाशी एखादा काळा तुकडा चमकला तर उचलून खिशात टाकू नका. ग्रीसमध्ये तो गुन्हा आहे, आणि एअरपोर्टवर त्याबद्दल थट्टा करत नाहीत.